न दिलेला पत्ता त्यांच्यापर्यंत पोचला कसा?

वाचकाचे पत्र

मी कर्वेनगरमध्ये राहते. बँकेतून निवृत्त झाले असून गेली अकरा वर्षे आमच्या ८४ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव आहे. माझा ईमेल पत्ता एकच आहे आणि तो मी २००८ पासून वापरते. पेन्शन, बँक, म्युच्युअल फंड, गॅस, सोसायटी, नातेवाईक, सारे काही त्याच पत्त्यावर येते. हा पत्ता मी कोणा परक्या माणसाला दिल्याचे मला आठवत नाही, तरीही दीड वर्षापासून दिवसाला पन्नास-साठ नको ती पत्रे येतात. मी प्रत्येक पत्र उघडून त्याच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’वर नेमाने दाबते, परंतु पत्रे कमी होण्याऐवजी वाढतच आहेत. मागच्या महिन्यात तर माझ्याच पत्त्यावरून मला पत्र आले. त्यात माझा एक जुना पासवर्ड लिहिलेला होता आणि पैसे न दिल्यास माझी खासगी चित्रफीत सर्वांना पाठवू, अशी धमकी होती. हे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. पत्रांचा त्रास तेवढा ठाऊक असलेला माझा मुलगा बंगळूरहून म्हणतो की तो पत्ता बंदच करून टाक. पण सभेच्या सूचना मी याच पत्त्यावरून सर्व सभासदांना एकदम पाठवते, सोसायटीच्या संकेतस्थळावरही हाच पत्ता आहे आणि २०१४ साली ते संकेतस्थळ माझ्याच नावाने नोंदवले होते. या लोकांना माझा पत्ता मिळाला कुठून, आणि मी तो बंद करावा का?

एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

आपले दोन्ही प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत, तरी मी त्या धमकीपासून सुरुवात करते, कारण ती गोष्ट आपण महिनाभर एकटीने मनात वागवली आहे. अशी कोणतीही चित्रफीत अस्तित्वात नाही. पासवर्ड लिहून घाबरवणारी ही पत्रे २०१८ च्या मध्यापासून जगभर मोठ्या प्रमाणावर फिरत आहेत. मजकूर एकच असतो, तो एका वेळी असंख्य पत्त्यांवर रवाना होतो आणि त्यात प्रत्येकासाठी फक्त पासवर्डची जागा वेगळी भरलेली असते. पाठवणाऱ्याने आपला संगणक पाहिलेला नसतो, आपले नावही बहुधा त्याला ठाऊक नसते. त्याच्याजवळ असते ती एक यादी, आणि त्या यादीतल्या एका ओळीत आपला पत्ता आणि त्याच्यासमोर आपला जुना पासवर्ड असतो.

ती ओळ कुठून आली, हे सांगते. आपण कधीतरी एखाद्या संकेतस्थळावर हा पत्ता आणि तो पासवर्ड देऊन खाते उघडले असणार आणि पुढे त्या संकेतस्थळाचा खात्यांच्या माहितीचा साठा चोरीला गेला असणार. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१३ मध्ये ॲडोबीकडून सुमारे १५ कोटी ३० लाख खात्यांची माहिती चोरली गेली. लिंक्डइनची २०१२ साली चोरलेली माहिती २०१६ मध्ये विक्रीस आली, तेव्हा तीत १६ कोटींहून अधिक पत्ते असल्याचे दिसले. अशा चोऱ्यांतील याद्या एकत्र करून पुन्हा पुन्हा विकल्या जातात. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने डिसेंबर २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाचे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले. तिथे आपला ईमेल पत्ता घातला की तो कोणकोणत्या ज्ञात चोऱ्यांमध्ये सापडला आहे, हे कळते. तिथे ईमेल खात्याचा पासवर्ड द्यावा लागत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर आपण ते जरूर पाहावे, आणि तो जुना पासवर्ड आजही कुठे वापरात असेल तर तो आजच बदलावा.

पत्र आपल्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसले याने आपण अधिक घाबरलात, आणि ते स्वाभाविक आहे. पण लिफाफ्यावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे आहे. ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नावाच्या नियमांनी चालते ते १९८२ साली ठरले, तेव्हा या जाळ्यावर मोजक्या संस्था होत्या आणि पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव खरे सांगितले आहे की नाही, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. ती सोय एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नावांनी पुढे जोडली गेली, म्हणून अशी बनावट पत्रे आता पुष्कळदा स्पॅमच्या, म्हणजे नको असलेल्या पत्रांच्या, कप्प्यातच पडतात, पण सगळीच पडतात असे नाही. मनाची खात्री व्हावी म्हणून आपण तीन गोष्टी पाहाव्यात. ते पत्र ‘सेंट’मध्ये आहे का, आपल्या खात्यात अनोळखी फोन किंवा संगणकावरून कोणी शिरल्याची नोंद आहे का, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये आपली पत्रे दुसऱ्या एखाद्या पत्त्याकडे परस्पर वळवलेली नाहीत ना. ही तिन्ही ठिकाणे स्वच्छ असतील तर खात्यात कोणीही शिरलेले नाही असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर पासवर्ड बदलून दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी, म्हणजे नुसत्या पासवर्डावर कोणालाही आत येता येणार नाही.

पैसे देऊ नयेत, उत्तरही देऊ नये. पत्र पुसून टाकू नये, कारण तक्रार करायची झाल्यास ते लागेल. अशी मागणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालील खंडणीचा प्रकार आहे आणि तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पुणे शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा असतो. आणि ताई, हे मुलाला सांगा. आपण लाज वाटण्यासारखे काहीही केलेले नाही. या पत्रांची सगळी ताकद माणूस कोणाला सांगणार नाही या एका भरवशावर उभी असते.

आता पत्ता मिळाला कुठून, या प्रश्नाकडे येते. आपण कोणा परक्याला पत्ता दिला नाही हे आपले म्हणणे मला मनापासून पटते, पण आपलेच पत्र पुन्हा वाचताना मला त्यात निदान तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट सोसायटीचे संकेतस्थळ. स्पॅम पाठवणारे लोक पत्ते हाताने शोधत बसत नाहीत. त्यांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतात, आणि जिथे ‘@’ हे चिन्ह दिसेल तिथे त्याच्या आजूबाजूची अक्षरे उचलून साठवतात. पानावरच्या पत्त्याला टिचकी मारली की पत्र लिहिण्याची खिडकी उघडावी अशी सोय केलेली असेल, तर तो पत्ता पानाच्या आतल्या मजकुरात ठरावीक खुणेसह लिहिलेला असतो आणि वेचणाऱ्याचे काम आणखी सोपे होते. अमेरिकेतील सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी शेकडो नवे पत्ते तयार करून ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आणि सहा महिने कोणत्या पत्त्यावर काय येते ते पाहिले. स्पॅमचा फार मोठा भाग सार्वजनिक संकेतस्थळांवर उघड ठेवलेल्या पत्त्यांवरच आला. संकेतस्थळावरून पत्ता काढून घेतल्यावर पत्रांचे प्रमाण घटले, हेही त्या पाहणीत दिसले आणि आपल्या दृष्टीने ते आशेचे आहे. चिन्हाच्या जागी ‘ॲट’ असे अक्षरांत लिहिलेले पत्ते तेव्हा सुरक्षित राहिले होते. आज त्या उपायावर मी विसंबून राहणार नाही, कारण वेचणाऱ्या प्रोग्रॅमना अशी बदललेली रूपे ओळखायला शिकवणे अवघड नाही. पत्त्याचे चित्र करून लावणेही मला फारसे रुचत नाही, कारण अंध वाचकाचे पडदा वाचून दाखवणारे साधन ते चित्र वाचू शकत नाही.

याच वाटेचा एक फाटा असा आहे की तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सभेचे इतिवृत्त, वार्षिक अहवाल, थकबाकीदारांची यादी असे कागद पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवले जातात आणि पीडीएफ म्हणजे बंद लिफाफा अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात शोधयंत्रे पीडीएफमधला मजकूर जसाच्या तसा वाचतात, आणि शोधयंत्राला जे दिसते ते वेचणाऱ्यालाही दिसते. पुण्यात ही सवय सोसायट्यांपुरती नाही. गणेश मंडळाचा अहवाल, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची स्मरणिका, ज्ञातिसंस्थेची वधू-वर सूची, सहलीला निघालेल्यांची यादी, या साऱ्यांत नाव, जन्मवर्ष, भ्रमणध्वनी आणि ईमेल एका ओळीत छापून ती पीडीएफ संकेतस्थळावर ठेवलेली मी पाहिली आहे. वधू-वर सूचीबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण तिथे पत्त्यासोबत वय, शिक्षण, नोकरी आणि उत्पन्न हेही दिलेले असते, आणि फसवणुकीचे पत्र लिहिणाऱ्याला नेमके तेच हवे असते. अशी सूची फक्त नोंदणी केलेल्या कुटुंबांनाच, तीही पासवर्ड घालून दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट संकेतस्थळाच्या नोंदणीची. संकेतस्थळाचे नाव नोंदवताना मालकाचे नाव, टपालपत्ता, दूरध्वनी आणि ईमेल द्यावा लागतो, आणि ‘हू इज’ नावाच्या नोंदवहीत ही माहिती पूर्वी कोणालाही पाहता येत असे. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू झाला, त्यानंतर बहुतेक नोंदींतील खासगी तपशील झाकले जाऊ लागले. आपली नोंद २०१४ ची, म्हणजे आपला पत्ता मधली काही वर्षे तिथे उघडा असण्याची बरीच शक्यता आहे, आणि या नोंदवहीच्या जुन्या नकला विकणारे लोक आहेत. ज्या कंपनीकडून संकेतस्थळाचे नाव घेतले आहे तिच्याकडे आपण आता नोंदीतील ईमेल बदलून घ्यावा आणि तपशील झाकण्याची सोय सुरू आहे याची खात्री करावी.

तिसरी वाट सभेच्या सूचनांची, आणि तिच्याबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे. आपण सूचना ‘सर्व सभासदांना एकदम’ पाठवता असे लिहिले आहे. बहुतेक सचिव करतात तसे आपणही सर्व पत्ते ‘टू’च्या रकान्यात घालत असाल तर प्रत्येक सूचनेबरोबर ८४ घरांना उरलेल्या सर्व घरांचे पत्ते आणि आपला पत्ता पोचतो. त्यांतला एखादा सभासद ती सूचना भाडेकरूला पुढे पाठवतो, भाडेकरू इस्टेट एजंटाला पाठवतो, आणि सगळी यादी तशीच सोबत जाते. ८४ संगणकांपैकी एकातही व्हायरस शिरला तरी पुरते, कारण पत्रपेटी आणि पत्तेवही चाळून त्यातले पत्ते बाहेर पाठवणे हे अशा अनेक व्हायरसांचे कामच असते. फोनमधले एखादे ॲप संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागते आणि आपण ‘अलाउ’ दाबून मोकळे होतो, तेव्हाही आपल्या हातून जातात ते पत्ते बहुतांशी इतरांचेच असतात. पत्ता आपण स्वतः कितीही जपला तरी तो ज्यांच्या ज्यांच्याजवळ आहे त्या सर्वांच्या सावधपणावर त्याचे रक्षण अवलंबून राहते.

इथे एक जुनी हकीगत सांगावीशी वाटते. न मागता घाऊक पाठवलेले पहिले जाहिरातीचे ईमेल म्हणून ज्याची नोंद आहे, ते ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गेले. इंटरनेटच्या आधीचे अर्पानेट नावाचे जाळे तेव्हा चालू होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी कॅलिफोर्नियात नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक ठेवले होते आणि त्याचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना पाठवायचे ठरवले. पत्ते कुठून घेतले, तर अर्पानेटच्या वापरकर्त्यांची छापील सूची होती तिच्यातून, आणि ते हाताने टंकले गेले. पत्ते इतके झाले की ते पत्त्यांच्या रकान्यात मावेनात आणि उरलेले मजकुरातच जाऊन बसले. ती सूची कोणी चोरलेली नव्हती. वापरकर्त्यांना एकमेकांशी संपर्क करता यावा एवढ्यासाठीच ती छापलेली होती.

याखेरीज एक वाट अशी आहे की तिच्यात आपण काहीही न करता पत्ता सापडू शकतो. काही वर्षे मी एका संस्थेच्या ईमेल सर्व्हरची, म्हणजे पत्रे घेणाऱ्या-पाठवणाऱ्या संगणकाची, देखभाल करत असे. रात्री उशिरा नोंदी चाळताना दिसे की बाहेरचा कोणी आमच्या सर्व्हरला एकामागून एक नावे विचारतो आहे. आधी अनिल, मग अनिता, मग अनुराधा, पुढे त्याच नावांना आडनावे जोडून, मग अंक जोडून. सोसायटीत नवा आलेला विक्रेता तळमजल्यापासून प्रत्येक सदनिकेची घंटा वाजवत वर जातो आणि जिथून ‘कोण आहे?’ अशी हाक येते त्या दाराची मनात नोंद ठेवतो, तसाच हा प्रकार होता. नाव अस्तित्वात नसेल तर सर्व्हर ५५० या क्रमांकाने नकार देतो आणि असेल तर २५० म्हणून पुढे जाऊ देतो, एवढ्या फरकावरून खरे पत्ते निवडून निघतात. जुन्या नियमांत तर पत्ता खरा आहे का, हे थेट विचारण्याची एक वेगळी आज्ञाही होती, ती आता बहुतेक ठिकाणी बंद ठेवतात. मोठ्या कंपन्या असे विचारणाऱ्याला लवकर अडवतात, पण अंदाज पूर्णपणे थांबत नाहीत. म्हणून प्रचलित नाव, प्रचलित आडनाव आणि जन्मवर्ष एवढ्यावर बांधलेला पत्ता सर्वांत आधी सापडतो.

प्रदर्शनातल्या सोडतीच्या डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या, दुकानात बिल करताना विचारला जाणारा ईमेल, मोफत पुस्तिकेसाठी भरलेले अर्ज, याही वाटा आहेतच. तिथे नम्रपणे ‘देत नाही’ म्हणावे. बिल कागदावर मिळते.

आता ‘अनसबस्क्राइब’चा मुद्दा. पत्रे का वाढत गेली याचे सर्वांत मोठे कारण मला इथे दिसते. वेचलेल्या किंवा अंदाजाने बनवलेल्या याद्यांत मेलेले पत्ते पुष्कळ असतात आणि कोणता पत्ता जिवंत आहे हे पाठवणाऱ्याला माहीत नसते. जिथे माणूस पत्र उघडून वाचतो आणि दुव्यावर दाबतो, त्या पत्त्याची किंमत या बाजारात अधिक असते. पत्रातल्या त्या दुव्यात पुष्कळदा प्रत्येक पत्त्यासाठी निराळा असा अंक गुंफलेला असतो, म्हणून आपण दाबताच हा पत्ता जिवंत आहे असे त्यांना कळते. नुसते पत्र उघडल्यानेही हे कळू शकते. पत्रात डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र ठेवलेले असते, ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवले गेले की पत्र उघडल्याची नोंद होते. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ही चित्रे गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे आपला संगणक कुठे आहे हे त्यांना दिसत नाही, तरी पत्र उघडले गेले एवढे समजू शकते. सेटिंगमध्ये बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय असतो, तो आपण निवडावा.

याचा अर्थ अनसबस्क्राइब कधीच करू नये असा नाही. ज्या बँकेशी, ज्या फंडाशी, ज्या दुकानाशी आपला खरोखर व्यवहार आहे त्यांची जाहिरातपत्रे नको असतील तर नाव अवश्य काढून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून एका टिचकीत नाव काढता येण्याची सोय जाहिरातपत्रांत देणे त्यांना बंधनकारक केले आहे. म्हणून पत्राच्या वरच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेलने स्वतः दाखवलेले बटण वापरावे, मजकुराच्या तळाशी असलेला दुवा नव्हे. ज्याचे नाव आपण कधी ऐकलेले नाही त्याचे पत्र मात्र न उघडता, यादीतच खूण करून ‘रिपोर्ट स्पॅम’ करावे. नुसते पुसून टाकण्यापेक्षा हे चांगले, कारण त्यातून स्पॅम ओळखणारी चाळणी शिकते आणि तेच पत्र इतरांकडे जातानाही अडण्याची शक्यता वाढते. पहिले काही आठवडे फरक जाणवणार नाही, तरी नेटाने करत राहावे. आठवड्यातून एकदा स्पॅमच्या कप्प्यातील विषय मात्र नजरेखालून घालावेत, कारण एखादे खरे पत्रही त्यात अडकते.

मग पत्ता बंद करावा का? मुलाची काळजी रास्त आहे, पण माझे उत्तर नाही असे आहे. अठरा वर्षांत हा पत्ता किती ठिकाणी नोंदवला गेला हे आपल्याला स्वतःलाही आठवणार नाही, आणि ज्या खात्याचा विसरलेला पासवर्ड या पत्त्यावर येतो ते खाते पत्ता बंद होताच हाताबाहेर जाते. जुना पत्ता दुसऱ्याच्या हाती पडण्याचीही भीती असते. याहूने २०१३ मध्ये न वापरलेली नावे नव्या ग्राहकांना देण्याची योजना आणली, तेव्हा काहींच्या पेटीत आधीच्या मालकाची पत्रे येऊन पडली होती. गूगल बंद केलेले जीमेल नाव दुसऱ्याला देत नाही, परंतु दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण त्यांनी डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. म्हणून जुने खाते ठेवावे, त्याला नवा भक्कम पासवर्ड द्यावा आणि अधूनमधून उघडावे.

त्याच्या जोडीला एक नवा, शांत पत्ता काढावा. त्यात नाव-आडनाव-जन्मवर्ष नको. आपल्याला सहज आठवतील आणि इतरांना सुचणार नाहीत असे दोन मराठी शब्द आणि मध्ये एखादा अंक चालेल. हा पत्ता फक्त बँक, पेन्शन, प्राप्तिकर, फंड आणि विमा यांना द्यावा. कोणत्याही संकेतस्थळावर, छापील कागदावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात तो लिहू नये, आणि नातेवाइकांनाही देऊ नये. नातेवाईक वाईट असतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या फोनमधल्या संपर्कयाद्यांवर आपले नियंत्रण नसते म्हणून. बदल एका दिवसात करायला जाऊ नये. आधी बँक, आठवड्याने पेन्शन, मग फंड, अशा क्रमाने प्रत्येक ठिकाणी नव्या पत्त्यावर पहिले पत्र येईपर्यंत थांबावे. खरेदी आणि तिकिटांसाठी तिसरे खाते असले तर उत्तम. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडून त्याच खात्याची वेगळी रूपे करता येतात, आणि पत्ता कोणी फोडला हे ओळखायला ती उपयोगी पडतात. पण तो जोड पुसून मूळ पत्ता काढणे कोणालाही सोपे असल्याने संरक्षण म्हणून ती युक्ती अपुरी आहे.

कायद्याकडून मात्र इथे फार अपेक्षा ठेवू नये. जाहिरातीचे फोन आणि एसएमएस यांच्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे २०१८ चे विनियम आहेत आणि १९०९ वर नोंदणी करता येते, पण ईमेल त्या कक्षेत येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. भारतातील कंपन्यांवर त्याचा परिणाम व्हायला हवा. परदेशातून खोट्या नावाने पत्रे पाठवणाऱ्यापर्यंत तो हात पोचणे अवघड आहे.

राहिली सोसायटी. सचिवाच्या कामासाठी सोसायटीच्या नावाने स्वतंत्र ईमेल खाते काढावे आणि संकेतस्थळावर, नोटीस बोर्डावर, लेटरहेडवर तेच द्यावे. तो पत्ता वेचला जाईल हे गृहीतच धरावे. तिथे स्पॅम आले तरी आपल्या पेन्शनच्या पत्राशी त्याची सरमिसळ होणार नाही. संकेतस्थळावरची जुनी इतिवृत्ते आणि याद्या उतरवाव्यात, आणि त्या उतरवल्यानंतरही गूगलच्या शोधात दिसत राहिल्या तर कालबाह्य मजकूर हटवण्यासाठी गूगलचा जो विनंतीअर्ज असतो तो भरावा. सप्टेंबरअखेरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेची १४ दिवस आधीची सूचना यंदा ‘टू’मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता आणि ‘बीसीसी’मध्ये, म्हणजे ज्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत त्या रकान्यात, सर्व सभासदांचे पत्ते घालून पाठवावी. जीमेलच्या दैनंदिन मर्यादेत ८४ पत्ते आरामात बसतात. ज्या सभासदांना एकमेकांचे पत्ते हवे असतील त्यांनी ते एकमेकांकडून मागून घ्यावेत. कोणाचा पत्ता कोणाला द्यायचा, हे त्या त्या सभासदाने ठरवायचे आहे.

आणि पुढे नवे सचिव येतील तेव्हा शिक्के, चेकबुक आणि इतिवृत्ताची वही यांच्याबरोबर हे ईमेल खातेही पदभाराच्या यादीत लिहावे. त्यांनी त्याच दिवशी आपल्यासमोर बसून पासवर्ड आणि खात्याला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बदलून घ्यावा, आणि आपल्या घरच्या संगणकावर राहिलेली सभासदांची यादी आपण त्यानंतर पुसून टाकावी.